थर्झाने ऐकलेला अर्धा शब्द

आमच्या पोर्थवेरनमध्ये कुणी ‘ड्रेकली येतो’ असं सांगून गेलं, तर त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवू नये. तो संध्याकाळी येईल, रविवारी चॅपल सुटल्यावर येईल, नाहीतर त्याचा मुलगा मोठा होऊन येईल. शब्द तसा साधा इंग्रजीच आहे, ‘डिरेक्टली’. लंडनकडची माणसं तो पुरा उच्चारतात आणि त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ होतो याच क्षणी, हातातलं टाकून. कॉर्नवॉलला पोचेपर्यंत त्याचं एखाददुसरं अक्षर गळालं आणि त्याबरोबर घाईही गळाली. आमच्याकडे ‘ड्रेकली’ म्हणजे होईल, सवडीनं होईल, नाहीच झालं तर काही जग बुडत नाही.

हेडली नॅनकॅरोने थर्झाला लग्नाचं विचारलं तेव्हा तिनं हेच उत्तर दिलं होतं. तो टोपी हातात घेऊन नळापाशी उभा होता.

‘‘करशील का गं माझ्याशी?’’

‘‘ड्रेकली,’’ ती म्हणाली आणि बादली उचलून चालती झाली. मग कितीतरी दिवस अख्खा गाव त्याला विचारायचा, ‘‘काय रे हेडली, आलं का तुझं ड्रेकली?’’ शेवटी आलं. लग्नाच्या जेवणात पाद्रीबाबांनीही त्यावर एक कोटी केली.

थर्झा माझी शेजारीण. मी गावच्या शाळेत शिकवायचे, ती विंच, म्हणजे होड्या वर ओढणारं यंत्र, चालवायची. आमच्या गावाला बंदर नाही. दोन कड्यांच्या मधून समुद्र आत घुसतो आणि तिथे एक दगडी उतार पाण्यात गेलेला आहे. खेकड्यांच्या आणि शेवंडांच्या होड्या त्या उतारावरून वर ओढून घ्याव्या लागतात, नाहीतर रात्रीत त्यांच्या फळ्या होतात. होडी लाटांच्या बाहेर थांबते, दोन मोठ्या लाटांच्या मधली उसंत बघते आणि झपकन आत येते. एक माणूस उडी मारून तारेच्या दोराचा आकडा होडीच्या तोंडाशी अडकवतो आणि बाजूला होतो. मग वरून विंच तिला ओढतं. हे सगळं चार-सहा श्वासांत व्हावं लागतं. विंच लवकर फिरलं तर आकडा अडकवणारा होडीखाली जातो. उशिरा फिरलं तर लाट होडीला मागून उचलते आणि आडवी आपटते.

थर्झाचे वडील हे काम करायचे. लढाईच्या काळात त्यांची दृष्टी गेली, गावातले तरणे पुरुष बाहेर होते, म्हणून ही विंचघरात शिरली आणि तिथलीच झाली. बुटकी, रुंद खांद्यांची बाई. कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या, केसांना फडकं. इंजिनाच्या धडधडीत ती खिडकीतून खाली बघत उभी राहायची, एक हात दांड्यावर. खालून हाक आली की दांडा खाली. लोक म्हणायचे, थर्झाला लाट पाठीनं दिसते.

लढाई संपल्यावर काही वर्षांनी कप्तान व्हिटलॉक आले. नौदलातून निवृत्त झालेले, उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी कड्यावरचं घर घेतलं, एक होडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात हेडलीकडे तिचं इंजिन दुरुस्तीला दिलं.

‘‘मला ते डिरेक्टली पाहिजे,’’ कप्तान म्हणाले.

‘‘हो हो कप्तान, ड्रेकली,’’ हेडली म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तान दारात हजर. इंजिन होतं तिथंच, वर मांजर झोपलेलं.

‘‘नॅनकॅरो, तुम्ही काल शब्द दिला होतात!’’

‘‘दिला ना. ड्रेकली म्हणालो. उद्या म्हणालो असतो तर चूक झाली असती.’’

कप्तान लाल झाले. मग काय झालं कुणास ठाऊक, मोठ्यांदा हसले. त्या दिवसापासून दोघांची दोस्ती जमली. हेडलीची स्वतःची होडी दुरुस्तीसाठी उलटी पडलेली असली की तो कप्तानांबरोबर समुद्रावर जायचा. कप्तान भराभर शिकले, पिंजरे टाकायला, खेकडा मागून धरायला, आणि आमच्यासारखं बोलायला. ते आमचे शब्द बोलायचे तेव्हा नवे बूट घालून चालल्यासारखं वाटायचं. पण बोलायचे.

ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी वारा नव्हता. ऑक्टोबरातली शांत, राखाडी दुपार. मी मुलांना सोडून घरी चालले होते आणि उताराच्या तोंडाशी थबकले, कारण समुद्र श्वास घेत होता. आम्ही त्याला तळची लाट म्हणतो. लांब कुठेतरी महासागरात वादळ झालेलं असतं आणि दोन दिवसांनी त्याच्या लाटा आवाज न करता आपल्या दारात येतात. पाणी गुळगुळीत दिसतं. मग ते अचानक कड्याएवढं उभं राहतं.

बाकीच्या होड्या सकाळीच वर आल्या होत्या. कप्तानांची एकटी बाहेर होती, आत हेडली.

विंचघराच्या दारात थर्झा दिसली. चेहरा पिठासारखा. तिने मला हाक मारली नाही, नुसतं बघितलं आणि आत जाऊन इंजिन सुरू केलं. मी दाराला टेकून उभी राहिले. तिच्या खांद्यावरून खिडकी दिसत होती, खिडकीतून उतार आणि त्याच्या टोकाशी वर-खाली होणारं पाणी. होडी बाहेर थांबली होती. एक लाट गेली. दुसरी गेली. तिसरी गेली तेव्हा उतार पार वरपर्यंत भिजला. मग होडी आत आली.

हेडलीनं उडी मारली. कमरेपर्यंत पाण्यात, हातात आकडा. होडीच्या तोंडाखाली त्याचं डोकं दिसत होतं, फक्त डोकं. आकडा लागला. कप्तान होडीत मागे उभे होते, एक हात वर. तोंड उघडलं. इंजिनाच्या आवाजातून आमच्यापर्यंत आलं ते एवढंच: ‘‘...क्ली!’’

थर्झाचा हात दांड्यावर होता. तो हलला नाही.

तिनं वाट पाहिली. एक श्वास, फार तर दोन. हेडलीचं डोकं अजून होडीखाली होतं. तेवढ्यात कप्तानांच्या मागे पाणी उभं राहिलं. मला ते दिसलं, तिलाही दिसलं, आणि तिनं दांडा खाली ओढला. पण तार ताणली जाईपर्यंत लाटेनं होडी उचलली होती. होडी फिरली, आडवी झाली आणि दगडावर आली. हेडली उताराच्या वरच्या अंगाला फेकला गेला. कप्तान दुसऱ्या बाजूला पडले, समुद्राच्या बाजूला, आणि होडी त्यांच्यावर.

माणसं धावली. हेडलीच्या बरगड्या मोडल्या होत्या, पण तो शिव्या देत होता, म्हणजे जिवंत होता. कप्तानांना बाहेर काढायला फार वेळ लागला. काढलं तेव्हा त्यांच्या पांढऱ्या मिशांत वाळू होती आणि डोळे उघडे होते.

थर्झा खाली गेलीच नाही. ती दांडा धरून तशीच उभी होती. मी इंजिन बंद केलं तरी तिची बोटं सुटेनात. एकेक बोट मी सोडवलं.

‘‘ते थांब म्हणाले,’’ ती म्हणाली. ‘‘ड्रेकली म्हणाले ना? तू ऐकलंस ना?’’

मी काय ऐकलं होतं? शेवटचं अक्षर. तेवढंच. मी तिला तसं सांगितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दगड उचलून तिला मारला होता.

त्यानंतर चौकशी होईपर्यंतचे दिवस. आमच्या गावात कुणी तोंडावर वाईट बोलत नाही. पण नळापाशी बायका गप्प व्हायच्या. बेकरीतल्या सेलिनाबाईंनी मला विचारलं, पेस्टी कागदात गुंडाळता गुंडाळता, ‘‘तिला दोघंही दिसत होते ना गं खिडकीतून? म्हणजे आपलं मी विचारते.’’

‘‘दिसत होते.’’

‘‘हं. नवरा खाली आणि परका वर. देव कुणावर अशी वेळ आणू नये,’’ असं म्हणून त्यांनी दोरा करकचून बांधला.

हे थर्झापर्यंत पोचलं. अशा गोष्टी भिंतीतून जातात. तिनं जेवण सोडलं. दारावर कुणी थाप मारली की ती मागच्या मोरीत जाऊन उभी राहायची, हेडली खाटेवरून ‘‘अगं, कोण आहे बघ तरी’’ असं ओरडत असला तरी. तिला वाटायचं, पोलीस आले. आणि पोलिसांपेक्षाही जास्त भीती तिला कप्तानांच्या बायकोची, मिसेस व्हिटलॉकची होती. त्या बाई अंत्ययात्रेत चेहऱ्यावर काळा बुरखा ओढून चालल्या होत्या. चॅपलच्या दारात त्यांनी मान वळवली आणि नेमकं थर्झाकडे बघितलं. बुरख्यातून नजर कशी होती ते दिसलं नाही. न दिसल्यामुळे ती जास्त लागली.

एका दुपारी शाळा सुटल्यावर थर्झा वर्गात आली. मुलांच्या बाकावर बसली, गुडघे वर आले.

‘‘तुझ्याकडे तो जाडा शब्दकोश आहे ना? बघ त्यात. मुळात काय अर्थ आहे त्याचा?’’

मी काढला. डिरेक्टली. मूळ लॅटिन, अर्थ सरळ केलेलं. आधी तो रस्त्याबद्दलचा शब्द होता, वाकडं न जाता, नाकासमोर. मग माणसांनी तो वेळेला लावला. वाट सरळ, म्हणजे मध्ये थांबणं नाही, म्हणजे लगेच.

‘‘मग आपण कुठून आणला आपला?’’

‘‘आपण एकट्यानंच नाही केलं तसं,’’ मी म्हणाले. तिला धीर वाटावा म्हणून मी पानं उलटत गेले. ‘‘हा बघ, इंग्रजीतला ‘सून’. आज त्याचा अर्थ थोड्या वेळानं. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता आत्ताच. हा ‘प्रेझेंटली’, तोही पूर्वी आत्ताच होता, मग लांबला. जुना ‘अनॉन’, त्याचंही तेच. माणसं ‘लगेच’ म्हणत राहिली आणि उशीर करत राहिली, आणि शब्द बिचारे ओढले गेले. ऐकणाऱ्यांनी शेवटी शब्दावर विश्वास ठेवायचं सोडलं आणि माणसाच्या वागण्यावरून अर्थ लावला.’’

तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘‘म्हणजे लगेच असं सांगायला एकसुद्धा शब्द शिल्लक नाही?’’

‘‘‘नाऊ’ आहे की.’’

‘‘तो नाही म्हणाले ते.’’ ती उठली. ‘‘त्यांनी तो म्हणायला हवा होता गं. एवढुसा शब्द. तो तर इंजिनातूनही ऐकू येतो.’’

चौकशी चॅपलच्या सभागृहात झाली. कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी, बाहेरून आले होते, पण होते आमच्याच मुलखातले. त्यांची आई खाणकामगाराची मुलगी होती म्हणे. लांब टेबल, एका बाजूला पंच म्हणून बसलेले आमचेच शेतकरी आणि दुकानदार, कडक कॉलर घालून. खिडक्या बंद होत्या. थर्झाने घातलेला काळा कोट तिच्या आईचा होता आणि तो खांद्यात तटतटला होता. मी मागे बसले होते तिथून मला तिची मान दिसत होती. मानेवरून घाम खाली जात होता.

आधी मी ऐकलं ते मी सांगितलं. हेडलीनं पट्टे बांधलेल्या छातीनं उभं राहून सांगितलं, की त्याच्या कानात पाणी होतं, त्यानं काहीच ऐकलं नाही.

मग थर्झा.

‘‘मृत व्यक्ती काय म्हणाली, मिसेस नॅनकॅरो?’’

‘‘शेवट ऐकला साहेब. ‘क्ली’ एवढा.’’

‘‘डिरेक्टली, की ड्रेकली?’’

सभागृहात कुणीतरी खोकलं. कुणी हसलं नाही.

‘‘शेवट दोन्हींचा एकच आहे साहेब. ओरडताना ‘डिरेक्टली’तला ‘ट’ कुणाला ऐकू येतो?’’

‘‘तुम्ही काय समजलात?’’

‘‘थांब. थोडं थांब, असं.’’

कॉरोनरनं चष्मा काढला. आवाज चढवला नाही, उलट उतरवला. ‘‘तुम्हाला तुमचे पती होडीच्या तोंडाखाली दिसत होते. तुम्ही शब्दामुळे थांबलात, की त्यांच्यामुळे?’’

 शेजारची बाई माझा दंड धरून बसली. सगळ्या गावानं नळापाशी जे विचारलं नव्हतं ते आता भर सभेत विचारलं गेलं होतं. थर्झा ‘शब्दामुळे’ म्हणाली असती तर संपलं असतं. 

‘‘मला नाही सांगता येत,’’ ती म्हणाली. ‘‘तो दिसत होता आणि ते ऐकू आलं. दोन्ही एकदमच झालं. तो बाजूला असता तर मी तो शब्द कसा ऐकला असता, देव जाणे. मी रोज हेच विचारते साहेब. रोज वेगळं उत्तर येतं.’’

मग त्यांनी मिसेस व्हिटलॉकना उभं केलं. बुरखा नव्हता. वय झालेली, सडपातळ बाई, ओठ घट्ट मिटलेले. तुमचे पती हा शब्द कोणत्या अर्थानं वापरत, असं त्यांना विचारलं.

‘‘माझ्या पतींचं सगळं आयुष्य जहाजावर गेलं. त्यांच्या तोंडी डिरेक्टली म्हणजे त्याच क्षणी. एकदा एका खलाशानं ‘हो’ म्हणून आधी हातातला कप खाली ठेवला आणि मग निघाला, तर तेवढ्यावरून त्याला त्यांनी शिक्षा केली होती.’’

थर्झाने डोळे मिटले. 

‘‘पण,’’ मिसेस व्हिटलॉक म्हणाल्या आणि थांबल्या. हातमोज्याचं बोट ओढत राहिल्या. ‘‘पण गेल्या हिवाळ्यापासून त्यांनी इथलं बोलणं उचललं होतं. चेष्टेनं. मी म्हणायचे, ऑस्बर्न, कोळसा आणा. की हे खुर्चीतून म्हणणार, ‘ड्रेकली, माझ्या राणी.’ आणि हलायचे नाहीत. मला राग यायचा. माझ्याशी कुणी आयुष्यात तसं बोललं नव्हतं.’’

‘‘मग त्या दिवशी त्यांना कोणता अर्थ अभिप्रेत होता असं तुम्हाला वाटतं?’’

‘‘मी तिथे नव्हते. त्यांचा मित्र पाण्यात होता. ते थांबाही म्हणाले असतील. ओढाही म्हणाले असतील. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.’’

पंचांनी अपघाती मृत्यू ठरवला. कॉरोनरनं थर्झाला कसलाही दोष नाही असं स्पष्ट म्हटलं. बाहेर आल्यावर सेलिनाबाईंनी तिला मिठी मारली आणि केशराचा पाव दिला. थर्झाने तो हातात धरला आणि म्हणाली, ‘‘त्या बघतायत.’’ खरंच, मिसेस व्हिटलॉक रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या.

आठवडाभरानं त्या आल्या. सकाळची वेळ, मी थर्झाकडे पीठ मागायला गेले होते. दारावर थाप पडली आणि थर्झा नेहमीसारखी मोरीकडे पळाली. मी दार उघडलं.

‘‘मिसेस नॅनकॅरो आहेत ना आत? मला ओरडायचं नाहीये त्यांच्यावर. तसं सांगा त्यांना.’’

थर्झा बाहेर आली, भिंतीला पाठ लावून.

‘‘बाई, मी...’’

‘‘नको. मला ती जागा दाखवा. तुम्ही उभ्या राहता ती.’’

आम्ही तिघी खाली गेलो. अपघातानंतर थर्झा विंचघरात पाऊल टाकत नव्हती. दुसऱ्याच दिवसापासून जोन पेंडर नावाचा गडी विंच चालवायचा आणि तेव्हा तो घरी होता. उंबऱ्यावर थर्झाचे पाय अडले. मिसेस व्हिटलॉक तिच्या जवळून आत गेल्या, खिडकीपाशी उभ्या राहिल्या, बराच वेळ खाली बघत राहिल्या.

‘‘इंजिन सुरू करा,’’ त्या म्हणाल्या.

‘‘कशाला बाई?’’

‘‘करा.’’

थर्झाने केलं. चावी तीनदा निसटली. मिसेस व्हिटलॉक चांगल्या बुटांनी त्या शेवाळलेल्या उतारावरून खाली गेल्या, पार पाण्यापर्यंत. एक लाट आली आणि त्यांचा घोटा भिजला. त्या वळल्या, हात वर केला आणि ओरडल्या. इंजिनाच्या आवाजातून आलं, ‘‘...क्ली!’’ परत ओरडल्या. ‘‘...क्ली!’’ अंगातलं सगळं बळ लावून, मान पुढे काढून, परत परत. तोंड हलताना दिसत होतं, पण आवाज येत होता तो तेवढाच. मध्येच एकदा तो ओरडा राहिला नाही, निव्वळ रडणं झालं, आणि तरी शेवट तोच ऐकू आला.  थर्झा माझ्या शेजारी उभी होती आणि तिचे दात वाजत होते.

त्या वर आल्या. धाप लागलेली, घसा बसलेला.

‘‘पहिला कोणता होता? डिरेक्टली, की ड्रेकली?’’

‘‘नाही सांगता येत,’’ थर्झा म्हणाली.

‘‘आणि शेवटचा?’’

‘‘नाही हो बाई. नाही सांगता येत.’’

मिसेस व्हिटलॉकनी मान हलवली. मग तिथल्या पिंपावर बसल्या आणि भिजलेला बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. ‘‘मला वाटलं होतं तुम्ही खोटं बोलताय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रोज रात्री वाटायचं. आज झोपेन बहुतेक.’’

थर्झाला मात्र झोप लागली नाही. दोष नाही म्हटल्यानं भीती जात नाही, ती नुसती जागा बदलते. होडी खाली येताना दिसली की ती घरात जायची आणि पडदा ओढायची. हिवाळाभर जोनने विंच चालवलं आणि दोन होड्यांच्या फळ्या फोडल्या. पुरुष मंडळी तिला परत बोलवायला आली, टोप्या हातात घेऊन. तिनं नकार दिला. हेडली बरा होऊन परत समुद्रावर गेला, त्या दिवशी ती चुलीपुढे बसून राहिली आणि चूल विझली तरी तिला कळलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला तळची लाट परत आली. सकाळी काही नव्हतं, दुपारी समुद्र उठायला लागला, आणि चार होड्या बाहेर. त्यातच जोनचा हात आदल्या दिवशी तारेत सापडून सुजला होता, बोटं वळत नव्हती. तो थर्झाच्या दारात येऊन उभा राहिला.

‘‘थर्झाकाकी, एका हातानं कर म्हणालात तर मी करीन. पण चारही येणार नाहीत वर. तुम्हाला माहितेय.’’

तिनं त्याच्याकडे बघितलं. उठली. मी तिच्यामागून गेले. वाटेत ती एकदा भिंतीला धरून ओकली, फडक्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि चालू लागली.

इंजिन सुरू झालं. ती खिडकीतून खाली बघत होती, चेहरा दिसेना. ‘‘मला ऐकू येणार नाही,’’ ती म्हणत होती. ‘‘परत तेच होणार. मला ऐकू येणार नाही गं.’’

तेव्हा उतारावर मिसेस व्हिटलॉक दिसल्या. त्यांनी कड्यावरून होड्या बघितल्या असणार. डोक्याला काही नाही, हातात टेबलावरचं लाल कापड, घाईत ओढून आणलेलं. त्या उताराच्या कडेला, जिथून आकडा आणि माणूस दोन्ही दिसतात, तिथे कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि वर खिडकीकडे तोंड करून कापड छातीशी घट्ट धरलं. मग ते एकदा डोक्यावर उंच नेऊन खाली आणून दाखवलं.

थर्झाला समजलं. शब्दाची गरजच नव्हती.

पहिली होडी आली. आकडा लागला, माणूस बाजूला झाला, कापड वर गेलं, दांडा खाली आला. होडी दगडावरून घासत वर. दुसरी आली. तिसरीच्या वेळी कापड वर जायला उशीर झाला, पाण्यात कुणीतरी अडखळलं होतं. थर्झा विव्हळत होती, पण हात थांबला तो थांबलाच. कापड वर गेलं तेव्हा मागे लाट उभी होती आणि होडी तिच्या तोंडातून निसटून आली. चौथीत हेडली होता. त्या वेळी मिसेस व्हिटलॉक गुडघ्यापर्यंत पाण्यात होत्या आणि मी देवाला काय काय कबूल केलं ते मला आता आठवत नाही.

चारही वर आल्या. त्यानंतर तळची लाट असली की त्या दोघी जायच्या, कोणी न बोलावता. एक खिडकीत, एक उतारावर. त्या मैत्रिणी झाल्या असं मी म्हणणार नाही. एकमेकींच्या घरी फारशा गेल्या नाहीत, नाताळला भेटी दिल्या नाहीत. एकदा मिसेस व्हिटलॉकनी मला विचारलं होतं, ‘‘तिला अजून भीती वाटते का हो?’’ मी हो म्हणाले. ‘‘मलाही,’’ त्या म्हणाल्या आणि काठी टेकत निघून गेल्या.

त्या वारल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. हेडलीही गेला, खाटेवर, झोपेत. उतारावर विजेचं विंच आहे आणि खांबावर लाल-हिरवा दिवा. थर्झाचे गुडघे गेलेत, म्हणून तिची खुर्ची आम्ही माझ्या खिडकीत ठेवलीय, तिथून उतार दिसतो. समुद्र उठलेला असला की मी तिच्याजवळ बसते. ती माझं मनगट धरते आणि शेवटची होडी वर येईपर्यंत सोडत नाही. परवा चार बोटांच्या निळ्या खुणा उठल्या होत्या. मी बाही खाली ओढली आणि स्वयंपाकाला लागले.